निवृत्तीच्या तक्त्यापासून सुरू झालेला आराखडा

सरकारी आयटीआयचा दहा वर्षांचा आराखडा असतो, असं सांगितलं की बहुतेकांना नवल वाटतं. प्रवेश, परीक्षा, निकाल, पुन्हा प्रवेश, एवढंच चक्र बाहेरून दिसतं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची निदेशिका, म्हणजे तो व्यवसाय शिकवणारी प्रशिक्षक, म्हणून बदलून आले आणि पुढे तिथेच गटनिदेशक झाले. २०२२ साली संस्थेने विकास आराखडा नव्याने करायला घेतला. संस्था व्यवस्थापन समितीवर कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी मीच होते, त्यामुळे माहिती गोळा करण्यापासून मसुदा लिहिण्यापर्यंतचं बरंच काम माझ्याकडे आलं. ते कसं झालं, कुठे अडलं, काय ठरलं, हे सविस्तर लिहायचं आहे. आज अनेक संस्थांपुढे हेच काम आहे आणि ते करताना कुणाचा तरी अनुभव हाताशी असावा, असं मला तेव्हा फार वाटत होतं.

आधी समितीविषयी. आम्ही तिला आयएमसीच म्हणतो. केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये देशातल्या १३९६ सरकारी आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारायची योजना आणली आणि त्या प्रत्येक संस्थेसाठी अशी समिती सोसायटी म्हणून नोंदवली गेली. अध्यक्ष उद्योगातला, त्याने सुचवलेले स्थानिक कारखानदार, शासनाने नेमलेले काही सदस्य, त्यात एक कर्मचारी आणि एक प्रशिक्षणार्थी, आणि प्राचार्य सदस्य-सचिव. समितीला केंद्राकडून अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळे. पहिली दहा वर्षं परतफेड नाही, पुढे वीस वर्षांत समान हप्ते. म्हणजे पूर्ण रक्कम उचललेल्या संस्थेला अकराव्या वर्षापासून दर साल १२.५ लाख रुपये भरायचे. हा आकडा ठाऊक असल्याशिवाय आयटीआयच्या दीर्घकालीन नियोजनाची चर्चा पुढे जात नाही. संस्थेच्या डोक्यावर तीस वर्षांचा व्यवहार आहे, आणि त्यावर सह्या करणारे प्राचार्य दर तीन-चार वर्षांनी बदलतात.

आमच्या संस्थेचा पहिला आराखडा त्याच काळातला, मी येण्याच्या आधीचा. कपाटातून काढून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मेहनतीने केलेला होता, हे पानोपानी दिसत होतं. पण त्यातली बहुतेक पानं यंत्रसामग्रीची होती: सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञांवर चालणारा लेथ), वेल्डिंग सेट, संगणक, इन्व्हर्टर, फर्निचर. खरेदीही त्याप्रमाणे झाली. मशीन शॉपमधला सीएनसी लेथ मात्र मी आले तेव्हा झाकून ठेवलेला होता. त्यावर प्रशिक्षण घेऊन आलेले निदेशक बदलून गेले होते, त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर आलेल्या तरुणाला ते यंत्र कुणी शिकवलं नव्हतं, देखभालीचा करार संपला होता आणि टूलच्या इन्सर्टसाठी, म्हणजे झिजल्यावर बदलायच्या कापणाऱ्या तुकड्यांसाठी, वेगळी तरतूदच नव्हती. बाजूला एचएमटीचे जुने लेथ रोज दोन्ही पाळ्यांत चालत होते, कारण ते दुरुस्त करणारी माणसं घरची होती.

समितीच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, मशीन कुठल्या कुठल्या घ्यायच्या त्याची यादी झाली काय?" फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे, मालक आहेत ते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. प्राचार्यांनी यादीऐवजी एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर सगळ्या निदेशकांची नावं, ट्रेड, जन्मतारखा आणि ५८ वर्षं पूर्ण होण्याचा महिना होता. राज्य शासनात आमची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. त्या कागदावरून स्पष्ट दिसत होतं की, पुढच्या दहा वर्षांत निम्म्याहून अधिक निदेशक जाणार, आणि त्यातले टर्नर, मशिनिस्ट आणि फिटरचे तर जवळजवळ एकाच वेळी. अण्णांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माझ्या कारखान्यात असं झालं तर मी झोपलोच नसतो की ओ."

आराखडा तिथून सुरू झाला. प्राचार्यांचा हा निर्णय मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र कधी विकत घ्यायचं हे पैशावर ठरतं, पण ते किती वर्षं शिकवलं जाईल हे माणसावर ठरतं. निदेशकाची जागा रिक्त झाली की ती भरायचा अधिकार संस्थेला नाही. मागणी जाते, जाहिरात निघते, परीक्षा होते, नेमणूक येते, आणि मध्ये वर्षं जातात. तोवर तासिका तत्त्वावरचे निदेशक. त्यातली कितीतरी मुलं अतिशय चांगली शिकवतात, हे मला ठामपणे सांगायचं आहे. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस नवीन कार्यशाळा कशी उभी करणार? म्हणून आम्ही ठरवलं की, जाणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ निदेशकाने निघण्याआधी दोन वर्षं कुणाला तरी हाताखाली घ्यायचं. त्यात तासिकेवरच्या मुलांचाही समावेश करायचा, आणि ज्यांचं निदेशकांसाठीचं सीआयटीएस प्रशिक्षण झालेलं नाही त्यांना ते करण्यासाठी समितीने मदत करायची. हा आराखड्यातला सर्वांत कमी खर्चाचा भाग होता आणि सर्वांत आधी तोच सुरू झाला. टर्नरच्या आमच्या ज्येष्ठ सरांनी जुन्या लेथच्या दुरुस्तीची वही स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. कुठला गिअर कुठे मिळतो, कुठला कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाकडून करून घ्यावा लागतो, सगळं त्यात आहे.

दुसरं काम होतं मुलं जातात कुठे हे शोधायचं. आमच्या नोंदींत 'नोकरी लागली' आणि 'लागली नाही' असे दोनच रकाने होते. आम्ही गेल्या काही वर्षांची हजेरीपुस्तकं काढली आणि प्रत्येक निदेशकाने आपापल्या बॅचची मुलं शोधायची असं ठरलं. फोन नंबर बहुतेक बदललेले. पण प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी असा असतो की, त्याला सगळ्यांची खबर असते. तो सापडला की बाकीचे सापडत गेले. कुणी चाकण-तळेगावला, कुणी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, कुणी गोव्यात वेर्णाच्या औषध कंपन्यांत, कुणी महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक. इलेक्ट्रिशियनला प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत जागा का भरतात, याचं मोठं कारण ही महावितरणची आशा आहे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते 'नोकरी लागली नाही' या रकान्यातल्या मुलांनी. त्यातले बरेच जण रिकामे नव्हतेच. कुणी गावात शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करत होता, कुणी वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं, दोघा-तिघांनी मिळून घरांच्या वायरिंगची कामं घेतली होती, एकजण सौर पंप बसवणाऱ्या ठेकेदाराकडे काम करता करता स्वतः ठेके घेऊ लागला होता. आमच्या तक्त्यात ही मुलं अपयश म्हणून मोजली जात होती, आणि त्यांच्यातल्या काहींच्या हाताखाली आमचेच पुढच्या बॅचचे विद्यार्थी काम करत होते. त्यांना विचारलं, "आयटीआयत काय कमी पडलं?" तेव्हा कुणी यंत्राचं नाव घेतलं नाही. इस्टिमेट करायला शिकवलं नाही, जीएसटी कळत नाही, गिऱ्हाइकाशी पैशाचं बोलता येत नाही, अशी उत्तरं आली. आराखड्यात 'स्वतःचा व्यवसाय' हा स्वतंत्र रकाना आला तो यातून. दर शनिवारी अंदाजपत्रक, बिल आणि कर यांचा तास सुरू झाला, तोही यातूनच. शिकवणारे मुख्यतः आमचेच माजी विद्यार्थी.

मग कारखाने. आमचा भाग ओतकामाचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींत शेकडो फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. ऑइल इंजिनांच्या काळापासून ही परंपरा चालत आली आहे. शिवाजी उद्यमनगरात शाळा न शिकलेल्या मिस्त्रींनी बाहेरून आलेली इंजिनं खोलून तशीच नवीन घडवली, असा हा इतिहास आहे. अशा ठिकाणी आमच्या फाउंड्रीमन ट्रेडच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहत होत्या. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत वाट पाहायची आणि तरीही बॅच अर्धवट. दुसरीकडे प्रत्येक फाउंड्रीवाला म्हणायचा, "पोरं द्या."

समितीत यावरून मोठा वाद झाला. शासनाने नेमलेल्या सदस्यांपैकी एकांचं म्हणणं होतं की, भरत नसलेलं युनिट, म्हणजे ट्रेडची मंजूर तुकडी, परत करावं आणि त्या जागेवर मागणी असलेला ट्रेड मागावा. हिशेबाने ते बरोबरच होतं. रिकाम्या जागा संस्थेच्या मानांकनात दिसतात, निदेशकाचं पद अर्धंच वापरलं जातं. अण्णा मात्र एकदम तापले. "आमच्या भागातनं हाच ट्रेड काढणार? मग आम्ही माणसं कुठनं आणायची?" त्यावर मी त्यांना विचारलं की, तुमच्या मोल्डिंग लाइनवर, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामावर, असलेल्या माणसालाच विचारून पाहूया का, की तू तुझा मुलगा फाउंड्रीमनला घालशील का? ते लगेच तयार झाले.

आम्ही तीन-चार फाउंड्रींत जाऊन कामगारांशी बोललो. बापांची उत्तरं सरळ होती. एकजण म्हणाला, "मी वाळूत गेलो, पोरगं नको जायला." फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या, विभागात तर स्थानिक माणूस जवळजवळ नव्हताच, सगळी मुलं ओडिशा, बिहारची. धूळ, उष्णता, ठेकेदारी आणि हातात पडणारी रक्कम हे सगळं पाहिल्यावर कुठल्याही आईबापाने असंच म्हटलं असतं. पण तिथेच आम्हाला वाळू तपासणारी प्रयोगशाळा दिसली, धातूचं रासायनिक पृथक्करण करणारा स्पेक्ट्रोमीटर दिसला, संगणकावर ओतकामाचं सिम्युलेशन करणारा मुलगा दिसला. त्या जागांवर इंजिनिअरिंगचे पदवीधर होते आणि ते वर्षभरात सोडून पुण्याला जात होते. मालकांची खरी तक्रार ती होती.

यातून मार्ग निघाला तो असा: युनिट ठेवायचं, पण शिकवण्याची जागा बदलायची. दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत, म्हणजे डीएसटीत, मुलगा काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात शिकतो. आम्ही तो करार फाउंड्रीवाल्यांशी करायचं ठरवलं आणि त्यात एक अट घातली की, कारखान्यातला काळ फक्त मोल्डिंगवर जाणार नाही, वाळू परीक्षण, पॅटर्न, वितळण आणि तपासणी या चारही ठिकाणी मुलगा फिरेल. अटीवर दोन कारखान्यांनी नकार दिला. अण्णांनी स्वतःच्या कारखान्यात सुरुवात केली. पुढच्या प्रवेशात आम्ही त्या प्रयोगशाळेचा व्हिडिओ गावागावांतल्या शाळांत दाखवला आणि पालकांना कारखान्यात नेलं. बॅच पूर्ण भरली नाही, पण आधीपेक्षा भरली, आणि आलेल्या मुलांतल्या काहींनी हा ट्रेड पहिल्या पसंतीने निवडला होता. फाउंड्रीमनला पहिली पसंती, असं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

विजेच्या गाड्यांचा विषय प्रत्येक बैठकीत निघायचा. इंजिनच गेलं तर इंजिनचे ब्लॉक आणि सिलिंडर हेड ओतणाऱ्या आमच्या पट्ट्याचं काय होणार? कुणी म्हणे आताच इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड मागा. अण्णांचं मत होतं की, ट्रॅक्टर काही लगेच बॅटरीवर जाणार नाही. दोघांकडेही तथ्य होतं. आराखड्यात आम्ही यासाठी वेगळा विभाग केला, 'आता ठरवायचं नाही' असा. सध्या इलेक्ट्रिशियन आणि मोटार मेकॅनिकच्या मुलांना बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर यांची ओळख करून द्यायची. दरवर्षी जूनमध्ये तीन गोष्टी पाहायच्या: तालुक्यातल्या शोरूमनी आणि गॅरेजवाल्यांनी या कामासाठी वेगळी माणसं घेतली का, फाउंड्रींच्या ऑर्डरमध्ये काय बदललं, आणि शिकवू शकेल असा निदेशक आपल्याकडे तयार झाला का. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं की ट्रेड मागायचा. दहा वर्षांच्या आराखड्यात सगळंच पहिल्या दिवशी ठरवलं पाहिजे असा एक समज असतो. माझं मत उलट झालं आहे. कशाची वाट पाहायची आणि काय दिसलं की हलायचं, हे लिहिलेलं असलं तरी तो निर्णयच असतो.

सौर ऊर्जेबाबत मात्र आम्ही थांबलो नाही. शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची चर्चा गावोगाव होती, माजी विद्यार्थी ती कामं करतच होते, आणि छतावर पॅनेल बसवले तर संस्थेचं वीजबिलही कमी होणार होतं. पॅनेल समितीच्या पैशातून बसवले आणि त्यांची जोडणी इलेक्ट्रिशियनच्या मुलांकडून, ठेकेदाराच्या देखरेखीखाली करून घेतली.

साखर कारखान्यांकडे आम्ही उशिरा वळलो, पण तिथे एक गोष्ट चटकन जमली. गळीत हंगामात त्यांना कुणाकडे पाहायला वेळ नसतो. हंगाम संपला की पावसाळ्यापर्यंत आणि पुढेही सगळी यंत्रं खोलून दुरुस्ती चालते. मिल, टर्बाइन, बॉयलर, सहवीजनिर्मितीचा प्लांट, सगळं उघडं. मुलाला शिकायला यापेक्षा चांगली वेळ नाही. त्यामुळे फिटर आणि वेल्डरच्या मुलांची कारखान्यातली हजेरी आम्ही त्या काळाशी जुळवली. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. हे बऱ्याच छोट्या मालकांना माहीत नव्हतं. विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं हेही माहीत नव्हतं. आमच्या एका निदेशकाने हे सगळं एका पानावर मराठीत लिहून काढलं आणि वसाहतीत दुकानोदुकानी वाटलं. त्या पानाने आमच्या सगळ्या सादरीकरणांपेक्षा जास्त काम केलं.

मुलींविषयी मला थोडं जास्त लिहायचं आहे. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. आमच्याकडे त्यातल्या बऱ्याच रिकाम्या राहून मुलांकडे जात होत्या. यावर आराखड्यात 'जनजागृती करणे' असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी आणि शिवणकामाच्या ट्रेडच्या मॅडम, आम्ही दोघींनी प्रवेश घेऊन सोडून गेलेल्या मुलींची घरं गाठली. जागृती भरपूर होती. संध्याकाळची एसटी नव्हती. दुसऱ्या पाळीचा वर्ग सुटल्यावर डोंगराकडच्या गावांना जाणारी गाडी निघून गेलेली असायची आणि मुलगी अंधारात फाट्यावर उभी. एका आईने मला विचारलं, "तुमची लेक असती तर ठेवली असती का उभी?" मी काय उत्तर देणार?

त्यामुळे आराखड्यात मुलींच्या प्रवेशाचं जे कलम आहे, त्याची सुरुवात वेळापत्रकापासून होते. ज्या ट्रेडला दोन्ही पाळ्या आहेत तिथे लांबच्या मुलींना पहिली पाळी मागता येईल, एवढा बदल आमच्या हातात होता, तो केला. आगाराला गाडीची वेळ बदलण्यासाठी पत्र दिलं, सरपंचांच्या सह्या घेतल्या, आणि एका मार्गावर ती बदलली. वसतिगृह हा मोठा प्रश्न आहे आणि तो अजून कागदावरच आहे. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलींना कारखान्यात घेताना रात्रपाळीचं कारण सांगितलं जातं, तेही खरं आहे. पण पॅनेल बोर्ड तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्याने आमच्या मुली घेतल्या, आणि नंतरच्या वर्षी स्वतःहून अजून मागितल्या. वायरिंग नीटनेटकं होतं, असं मालकाने कारण दिलं. मला विचाराल तर कारण एवढंच की त्या मुलींना काम येतं.

आणि पूर. दीर्घकालीन नियोजनात पूर हा स्वतंत्र विषय असू शकतो, हे मला कुठल्याही नमुना-आराखड्यात दिसलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, आमच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळांत पाणी आलं. मोटारी, वेल्डिंग सेट, पॅनेल, जुन्या नोंदी, सगळं भिजलं. ओसरल्यावर मुलांनी आधी संस्थेच्या मोटारी सुकवल्या आणि मग गावातल्या लोकांचे पंप, मिक्सर, पंखे दुरुस्त करून दिले. दिवसभर रांग असायची. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच, फक्त यावेळी आम्ही आदल्या दिवशी जेवढं उचलता येईल तेवढं वर नेलं होतं. नव्या आराखड्यात मुख्य विद्युत पॅनेल उंचावर न्यायचं, संगणक कक्ष आणि सीएनसी वरच्या पातळीवर, आणि पावसाळ्यापूर्वी कोण काय उचलेल याची नावानिशी यादी, असं सगळं आहे. छाननी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने विचारलं की, हा भाग आपत्ती व्यवस्थापनात घालता येणार नाही का? प्राचार्यांनी शांतपणे सांगितलं की, दहा वर्षांत हे पुन्हा होणार हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि जे पक्कं ठाऊक आहे ते नियोजनातच असायला हवं.

मसुद्याची मांडणीही प्राचार्यांचीच. प्रत्येक कामापुढे त्यांनी ते कुणाच्या हातात आहे हे लिहायला लावलं. काही आमच्या हातातलं: वेळापत्रक, माजी विद्यार्थ्यांचे तास, कारखान्यांशी करार. काहींना संचालनालयाची किंवा केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता लागते: नवीन ट्रेडची संलग्नता, युनिटची अदलाबदल. आणि काही मंत्रालयातून येणारं: पदं, इमारत, वसतिगृह. तसं लिहिल्यावर दिसलं की, खर्चिक आणि दिखाऊ कामं बहुतेक तिसऱ्या गटात आहेत आणि मुलांच्या रोजच्या शिकण्यात फरक पाडणारी बरीचशी पहिल्या गटात. त्यानंतर बैठकांचा सूरच बदलला. शासन करत नाही म्हणून अडलंय, असं म्हणायला जागा कमी उरली, आणि शासनाकडे जे मागायचं ते नेमकं मागता येऊ लागलं.

पैशांचा भाग कठीण होता आणि आजही आहे. हप्ता भरण्यासाठी समितीचं उत्पन्न म्हणजे ठेवींचं व्याज, समितीच्या कोट्यातल्या २० टक्क्यांपर्यंतच्या प्रवेशांचं शुल्क, अल्पमुदतीचे वर्ग आणि थोडंफार जॉबवर्क. शुल्क वाढवायचा प्रस्ताव आला होता. मी विरोध केला. आमच्याकडे येणारं मूल बहुतेक वेळा ऊसतोड्याचं, शेतमजुराचं, फाउंड्री कामगाराचं असतं, आणि वर्षानुवर्षं महिना ४० रुपये विद्यावेतनावर या मुलांनी दिवस काढले आहेत. त्यांच्याकडून हप्ता वसूल करणं मला मान्य नव्हतं. शेवटी कारखान्यातल्या नोकरीत असलेल्या कामगारांसाठी संध्याकाळचे पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा नियंत्रक) आणि हायड्रॉलिक्सचे वर्ग सुरू करायचं ठरलं, शुल्क मालकाने भरायचं. देखभाल करणारा चांगला माणूस मिळत नाही, ही तक्रार आम्ही प्रत्येक कारखान्यात ऐकली होती, तेव्हा मालकांना नाही म्हणणं जड गेलं. त्याच वर्गांसाठी झाकलेला सीएनसी लेथ दुरुस्त झाला. कंट्रोलरचा खर्च दोन मालकांनी वाटून घेतला, आणि दिवसा तो आमच्या मुलांसाठी चालतो. मात्र त्यासाठी आधी तासिकेवरचा आमचा एक निदेशक तीन आठवडे अण्णांच्या मशीन शॉपमध्ये राहून शिकून आला. क्रम तोच ठेवला: आधी माणूस, मग यंत्र.

आराखडा समितीत मंजूर झाला, प्रादेशिक कार्यालयाकडून दुरुस्त्या आल्या, त्या केल्या. त्यानंतर प्राचार्यांची बदली झाली. हीच भीती होती. पण आढाव्याची तारीख समितीच्या ठरावात घातलेली होती, आणि समितीतले कारखानदार बदललेले नव्हते. नव्या प्राचार्यांनी पहिल्याच आठवड्यात निवृत्तीचा तक्ता मागवला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएम-सेतू योजना सुरू झाली. ६० हजार कोटींची, देशातले १००० सरकारी आयटीआय घेणारी, २०० मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशी रचना. आता तालुक्या-तालुक्यात पुन्हा आराखडे मागवले जातील, पुन्हा यंत्रांच्या याद्या होतील. आमची संस्था त्यात येईल की नाही हे ठरलेलं नाही. पण आली तर आमच्याकडे लिहिलेलं काहीतरी आहे, आणि मुख्य संस्थेने आमच्याकडे यंत्रं पाठवण्याआधी निदेशकांच्या प्रशिक्षणाचं आणि पदांचं काय, हा प्रश्न पहिल्या पानावर आहे. गेल्या जूनच्या आढाव्यात इलेक्ट्रिक व्हेईकलच्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' आली. तिसऱ्यासाठी मोटार मेकॅनिकच्या आमच्या एका तरुण निदेशकाला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं आहे. त्याच्या तासिका कोण घेणार, हे या आठवड्यात ठरवायचं आहे.